अँटिडोरसच्या वाट्याचे पाणी

मी एक जुना मातीचा घडा आहे. माझ्या तळाशी ब्राँझची एक बारीक नळी आहे. मित्रांनो, घडा पाणी साठवण्यासाठी असतो, पण मला पाणी सांडण्यासाठी घडवले होते.

अथेन्सच्या न्यायसभेत मी वेळ मोजत असे. आरोप करणारा आणि आरोपी, दोघांना सारखाच वेळ मिळावा म्हणून प्रत्येकासाठी मला काठोकाठ भरत, उंच दगडावर ठेवत आणि नळीचे बूच काढत. घडा भरलेला असला की धार लांब पडते. पाणी उतरत जाते तशी ती जवळ येते आणि शेवटी नळीच्या तोंडाशीच थेंब थेंब गळते. बोलणारा त्या धारेकडे पाहून आपले बोलणे आवरते घेई. मध्येच साक्ष वाचायची असली, तर नळीवर बोट ठेवून पाणी थांबवत. साक्षीचा वेळ कुणाच्या वाट्यातून कापायचा नाही, असा नियम होता.

फार पूर्वी तिथे निवाडा मोठ्या घराण्यांतली माणसे करत असत. मग लोकांनी ते काम आपल्या हाती घेतले. सकाळी सोडत निघे आणि चांभार, कोळी, जमीनदार एकाच बाकावर येऊन बसत. माझ्यापाशी कोण बसणार, हेही सोडतच ठरवी. मला याचा अभिमान होता. पण मला घडवणारा कुंभार परका होता आणि मला भरणारी बाई गुलाम होती. सभेत बोलण्याचा मान त्या दोघांना नव्हता. शहराच्या साम्राज्यातल्या बेटाबेटांवरून खंडणी येई, ती किती असावी हे बेटांना कुणी विचारत नसे.

मग युद्ध आले आणि वर्षानुवर्षे संपेना. एकदा आमचे आरमार लढाई जिंकले, पण लगेच वादळ उठले आणि फुटलेल्या जहाजांवरची माणसे बुडाली. शहराला कुणावर तरी राग काढायचा होता. अँटिडोरस नावाच्या सुकाणूवाल्याला सभेत उभे केले. आरोप असा की, बुडणाऱ्यांना टाकून त्याने जहाज किनाऱ्याला आणले. शिक्षा मरणाची होती.

त्या दिवशी माझ्यापाशी बसण्यासाठी सिमिलस नावाच्या म्हाताऱ्याचे नाव निघाले. त्याचा एकुलता मुलगा एरॅटन त्याच वादळात गेला होता.

"सिमिलस, तू ऊठ तिथून," बाकावरचा एक जण म्हणाला. "दुसऱ्या कुणाला बसू दे."

"नाव माझं निघालंय," सिमिलस म्हणाला. "म्हातारा असलो, तरी बूच निघेल."

आरोप करणारा हेगेमॅकस तरबेज वक्ता होता. माझे पाणी संपता संपता त्याने सिमिलसकडेच हात केला. "या बाबाकडे बघा, अथेन्सकरहो! याच्या पोराला पुरायला देहसुद्धा मिळाला नाही!" सभा हुंदके देऊ लागली.

मला पुन्हा भरले. सिमिलसने बूच काढले. अँटिडोरसने तोंड उघडले आणि सगळे बाक एकदम ओरडू लागले.

"पुरे झालं! मतांचे खडे टाका!"

"समुद्रात थांबला नाहीस, आता इथं कशाला थांबतोस?"

त्याचे ओठ हलताना दिसत होते, शब्द ऐकू येत नव्हते. माझी धार मात्र पडतच होती. बोलणे आणि गोंगाट यांतला फरक मला कळत नाही, मी दोन्ही सारखेच मोजतो. आणि माझ्यातले शेवटचे पाणी गेले की त्या माणसाचा जीव जाणार होता.

सिमिलसने नळीवर बोट ठेवले.

"अहो म्हातारबा, साक्ष कुठं चाललीय? बोट काढा!"

"मला ऐकू येत नाहीये," सिमिलस म्हणाला. "हे पाणी त्याच्या बोलण्यासाठी भरलंय, तुमच्या ओरडण्यासाठी नाही."

"मग काय उद्यापर्यंत बसायचं?"

"गप्प बसा, म्हणजे लवकर घरी जाल."

"माझी बायकोसुद्धा एवढी दटावत नाही!" मागून कुणीतरी म्हणाले. थोडे हसू उमटले आणि त्यामागून शांतता आली. सिमिलसने बोट उचलले.

"माझ्या एका बाजूची वल्ही लढाईतच मोडली होती," अँटिडोरस म्हणाला. "जहाज वळत नव्हतं. दोर टाकून जमेल तेवढ्यांना वर घेतलं. काका, तुमच्या एरॅटनच्या हाती दोर लागला होता. त्यानं तो शेजारच्या जखमी माणसाच्या कमरेला बांधला. त्याला ओढून घेतलं आणि दोर परत टाकला. तेव्हा तिथं नुसती लाट होती."

बाकांच्या मागून एक लंगडा माणूस पुढे आला. "तो जखमी मीच," तो म्हणाला.

सिमिलसने पुन्हा नळीवर बोट ठेवले, कारण आता खरोखर साक्ष चालली होती. मुलाचे शेवटचे वर्तमान त्याला त्या दिवशी कळले.

खडे मोजले गेले. थोड्याशा फरकाने अँटिडोरस सुटला.

दुसऱ्या दिवशी सोडतीत दुसऱ्याचे नाव निघाले. खटला दुसऱ्या जहाजाच्या सुकाणूवाल्याचा होता. लोक तसेच ओरडले. पाण्यापाशी बसलेला माणूस अगदी नियमाने वागला. साक्ष नव्हती, म्हणून त्याने बोट ठेवले नाही. सगळे पाणी गोंगाटात वाहून गेले आणि त्या माणसाला विष प्यावे लागले. त्याच्यानंतर आणखी काही जण तसेच गेले.

एवढ्यानेच साम्राज्य बुडाले, असे मी म्हणणार नाही. आधी साथीचा रोग आला होता, दूरच्या मोहिमेत फौज संपली होती, बेटे रागावून फुटली होती. पण पुढच्या लढाईत जहाजे होती आणि ती चालवणारे अनुभवी हात थोडे होते. आरमार गेले. धान्याची गलबते बंद झाली. शहर उपाशी पडले, आणि शत्रूने विजयाच्या जल्लोषात बासऱ्या वाजवत आमचे तट पाडले. मूठभर माणसांनी सत्ता घेतली आणि न्यायसभेला कुलूप लागले. मी कोपऱ्यात कोरडा पडून राहिलो. पुढे लोकांनी त्यांना हटवून मला पुन्हा भरले. साम्राज्य मात्र परत उभे राहिले नाही.

मित्रांनो, तुमच्याकडे माझ्यापेक्षा अचूक घड्याळे आहेत. मला आता कुणी भरत नाही, याचे मला दुःख नाही. वेळ सारखा वाटून देणे मला जमत होते. समोरच्याचे ऐकले गेले की नाही, हे मात्र माझ्यापाशी बसलेल्या माणसालाच कळायचे. म्हणून कधी सगळे मिळून एकावर ओरडू लागले, तर त्या दिवशी पाण्यापाशी तुम्हीच बसला आहात असे समजा. त्या माणसावर तुमचा कितीही राग असला, तरी नळीवर बोट ठेवा.