माद्यांची मापं

“माद्यांची मापं वगळली आहेत. हाताळणाऱ्या कर्मचाऱ्याच्या चुकीमुळे.” मोबाइलवरचा इंग्रजी शोधनिबंध मराठीत सांगता सांगता तृप्ती थांबली. “बाबा, हे तुमच्याबद्दल आहे का?”

संघपाल भरल्या ताटावरून उठला.

गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्या वर्षी तो भंडाऱ्याजवळच्या एका कॉलेजात उंदरांच्या खोलीवर लागला. त्याला सतरा वर्षं झाली. हा निबंध लिहिणाऱ्या रश्मी मॅडम कॉलेजात नव्या होत्या तेव्हा उंदीर कसा धरायचा हे त्यांना त्यानेच शिकवलं होतं. इन्सुलिनचा निरोप पेशीत पोचताना एक प्रथिन मधे आडवं येतं, ते काढलं की इन्सुलिन चांगलं लागू पडेल, असा मॅडमचा अंदाज होता. ते प्रथिन जन्मतःच नसलेल्या नरांत तसंच झालं, साखर भराभर उतरली. माद्यांत काडीचा फरक पडला नाही. संघपालने प्रत्येकीच्या शेपटीतल्या रक्ताचा थेंब दोनदा तपासला आणि मगच सांगितलं. “बरं केलं भाऊ, तुमच्यावर भरवसा आहे,” असं मॅडम तेव्हा म्हणाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी तो त्यांच्या टेबलापुढे उभा राहिला.

“मॅडम, माहा हात चुकला का?”

“नाही हो भाऊ. पण माद्यांपायी निबंधच अडून राहिला होता. काही तरी कारण द्यावं लागते ना! तुमचं नाव कुठी लिहिलं?”

“उंदीर धरणारा मी एकटाच आहो.”

“अन् वाचते कोण ते इथं?”

“माही पोरगी वाचते.”

मापांचं रजिस्टर मॅडमनी कपाटात घातलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

रविवारी दाणापाणी करायला जाताना त्याने तृप्तीला सोबत नेलं. माद्या बारा होत्या, सहांत ते प्रथिन होतं, सहांत नव्हतं. कोणी सांगितलेलं नसताना त्याने त्यांना चार-पाच तास उपाशी ठेवलं, इन्सुलिन टोचलं आणि घड्याळ लावून थेंब घेतले. तृप्ती यंत्रावरचे आकडे मोठ्याने वाचत गेली. दोन्हीकडची साखर सारखीच उतरली.

“बाबा, तुमचं बरोबरच होतं.”

“मले ठाऊक होतं. तुले दाखवाचं होतं.”

“मग हे लिहू कुठं?”

शेवटच्या मादीच्या शेपटीला कापूस दाबून, रक्त थांबेपर्यंत तो तिला ओंजळीत घेऊन बसून राहिला.