पितळी थाळी आणि कारभारीआबाची शपथ

मित्रांनो, मी एक जुनी पितळी थाळी आहे. गावानं वर्गणी काढून मला तीर्थपुरीच्या बाजारातून, कचरूलाल शेठजींच्या दुकानातून आणलं. आमच्या गावात नवा सरपंच झाला की मारुतीच्या पारावर माझ्यात बेल आणि भंडारा ठेवतात. तो उचलूनच त्यानं शपथ घ्यायची, अशी रीत आहे. बायका मला चिंचेनं घासत, पोरं माझ्यात तोंड बघत. काय माझा थाट होता म्हणून सांगू!

तो थाट कारभारीआबानं मातीत घातला.

सरपंच झाला तेव्हा भंडारा मुठीत धरून तो म्हणाला, "ईश्वरसाक्ष शपथ घेतो, खालच्या आळीत नळ आणतो. न्हाई आणला तर मारुती बघून घेईल." पाणी आलं, पण वळलं आबाच्या मोसंबीच्या बागेत. आळीतल्या बाया विहिरीवरच राहिल्या. तिथंच पायरीवरून घसरून आळीतल्याच नंदाबाईची सून शीतल पडली आणि तिचा पाय कायमचा अधू झाला. आबा करून सवरून नामानिराळा!

मी रोज वाट पाहायची, आज याचा हात झडेल, उद्या जीभ झडेल. कसलं काय! आबा मोसंबी खाऊन गुटगुटीत झाला, आणि मी देवळाच्या कोपऱ्यात काळी पडले. त्या मेल्याचा मला फार राग होता.

यंदा नंदाबाई सरपंच झाली. आबाच मला घेऊन पुढं आला, तोंडभर हसत. "घ्या बाई, भंडारा उचला. देवाची शपथ घ्या."

नंदाबाईनं मला हातही लावला नाही. ग्रामसेवकाच्या कागदावर शपथेचे दोन्ही प्रकार होते, एक देवाच्या नावानं, दुसरा देवाचं नाव न घेता. तिनं दुसरा वाचला, "मी गांभीर्यपूर्वक दृढकथन करते..."

"देव सोडला का काय बाईनं?" आबा ओरडला.

"देव घरी हाय माझ्या. तुम्ही त्याला जामीन ठेवून पळून गेल्ता, आबा. माझा जामीन हे गाव. चुकले तर उद्या दारात या समदे."

दुसऱ्या दिवशी तिनं बागेकडचा व्हॉल्व्ह बंद केला आणि पाणी आळीत सोडलं. उन्हाळा होता. बघता बघता मोसंबीची पानं मुरडली. मंग आबा मला काखेत मारून तिच्या दारात हजर.

"बाई, झाडं मरून राह्यली. भंडारा उचलून सांगतो, आता बिलकुल बराबर वागतो."

"मला न्हाई, शीतलला सांगा."

शीतल काठी टेकत बाहेर आली. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"आबा," ती म्हणाली, "झाडांला म्हणा, विहिरीवर जा."

आबाच्या हातातून मी खणकन खाली पडले. माझा काठ चेपला. खोटं कशाला बोलू, इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता.

मित्रांनो, मला घासा, पुसा, जपा. शपथ देवाची घ्या, नाहीतर मनाची घ्या. पण पाळायची नसेल तर माझ्यात हात घालू नका. देव दयाळू आहे, तो माफ करत असेल. शीतलनं अजून केलेलं नाही, आणि मीही नाही.