हलकी केलेली रायफल

वय चाळिशीला टेकलं तरी घरात तिला अजून चिमीच म्हणत. बंदुका दुरुस्त करण्यात मात्र तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि हे सांगायला तिला दुसऱ्या कुणाची गरज लागत नसे. ब्रिटिश फौजेने निकालात काढलेल्या, दर गोळीला हाताने बोल्ट ओढायच्या जुन्या रायफली लोक तिच्याकडे आणत. नळीखालचं पुढचं लाकूड कापायचं, नळी आखूड करायची, खांद्याला लावायचा लाकडी दस्ता घासून त्याला नव्याने तेल पाजायचं, की ते लष्करी धूड शिकारीची देखणी रायफल होऊन बाहेर पडे.

बाबांची रायफल त्यातलीच, पण अजून मूळ रूपातली. दादा अपघातात गेल्यापासून बाबा नेमबाजीच्या मैदानाकडे फिरकले नव्हते. रायफल जड झालीय, खांदा भरून येतो, म्हणायचे. वेड्या पोरीने ते खरं मानलं. रायफल हलकी झाली तर बाप पुन्हा माणसांत येईल, एवढीच तिची आशा. बाबा काकांकडे गेलेले पाहून तिने ती आपल्या कारखान्यात नेली आणि जीव ओतून काम केलं. दस्त्याच्या उजव्या बाजूचा एक काळपट डाग काही केल्या हटेना. मग हट्टाला पेटून तिने तो कानशीने खरवडूनच काढला.

परत आल्यावर बाबांनी रायफल उचलली. "पिसासारखी झालीय गं!"

चिमी फुलून गेली. बाबांनी रायफल डाव्या खांद्याला लावली.

"बाबा, खांदा चुकला!" ती हसली.

बाबांचं लक्षच नव्हतं. त्यांनी दस्त्याला गाल टेकवला, पुन्हा उचलला, अंगठ्याने लाकूड चाचपलं.

"इथं काळं होतं ना गं?"

"डाग होता. काढला मी."

"तुझ्या दादाचा गाल टेकायचा तिथं. घामानं काळं पडलं होतं." बाबा अजून लाकूड चाचपत होते. "मी रोज टेकायचो. वास यायचा अजून."

लाकडाचा भुसा चिमीने स्वतःच झाडून बाहेर टाकला होता.

बाबांनी रायफल टेबलावर ठेवली आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "जाऊ दे. तुला काय माहीत!"

तो हात तिला सोसवेना.

"दादा डावखुरा होता, बाबा," ती हुंदके देत म्हणाली. "जेवताना त्याचं कोपर लागतं म्हणून मीच भांडायचे. आणि डाग उजव्या बाजूला, डावखुऱ्याच्याच गालाचा. मला माहीत होतं."