रुग्ण गैरहजर

पौर्णिमा सिस्टरने रुपाबाईच्या हातातली सलाईनची सुई काढली, वर कापूस दाबून धरला आणि मगच सांगितलं.

"मावशी, आज बी ऑपरेशन होत नाई."

रुपाबाई उठून बसली. मानोऱ्याजवळच्या तांड्यावरून ती पहाटेच्या जीपने आली होती, उपाशीपोटी. तीन वर्षांपासून तिचं अंग बाहेर येत होतं. यंदा लुगडं घासून घासून तिथे जखम झाली होती. गर्भपिशवी काढल्याशिवाय इलाज नव्हता. तांड्यावरच्या बाया असली ऑपरेशनं उन्हाळ्यातच उरकून घेत. शेत रिकामं असतं, महिनाभर पडून राहता येतं. एकदा पेरणी लागली की बाईला दुखणं काढायला सवड नसते.

"काहून नाई होत?"

"थेटरात एकोणचाळीस डिग्री हाय. एसी उचलतच नाई."

पूर्वी असं ऊन मे महिन्यात आठ-दहा दिवस असायचं. आता मार्चपासूनच भट्टी पेटत होती. गावातले कूलर सुरू झाले की व्होल्टेज बसायचं आणि थेटरातला एसी नुसता घरघरत राहायचा. मार्चच्या सुरुवातीलाच दोन बायांचे टाके पिकले. डॉक्टरांचा घाम हातमोज्यांतून मनगटावर ओघळत होता, ते पौर्णिमाने स्वतः पाहिलं होतं. तेव्हापासून अडलेल्या बाळंतिणी सोडून बाकी सगळी ऑपरेशनं त्यांनी थांबवली होती.

नवी तारीख घ्यायला पौर्णिमा व्यवस्थापकांच्या खोलीत गेली. रुपाबाई मागोमाग आत शिरली.

"ऑक्टोबर," दौलतराव कॉम्प्युटरकडे बघत म्हणाले. "ह्या बाई आधी दोनदा गैरहजर आहेत. गैरहजर रुग्णाचं नाव यादीत खाली जातं."

"कोन गैरहजर?" रुपाबाई म्हणाली.

"बाई, तुम्ही बाहेर बसा."

"कोन गैरहजर, ते सांगा ना."

दौलतरावांनी चष्मा काढला. "हे बघा, ऑपरेशन झालं नाही तर कारण भरावं लागतं. यात तीनच कारणं आहेत. रुग्ण गैरहजर, रुग्ण अशक्त, नातेवाइकांचा नकार. एक निवडल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही."

"अन् ऊन?"

"ते यात नाही."

तिन्ही कारणं आजारी माणसाच्याच बाजूची होती. रुपाबाईने हात टेबलावर ठेवला. कापूस रक्ताने भिजला होता.

"हे तिसरी खेप हाय माही. दोनदा उपाशी येऊन उपाशी वापस गेली. मंग सुई कोनाले टोचली तुमी? माह्या भुताले?"

"माझ्यावर कशाला चिडता? मीही वर जनरेटर मागितलाय. ट्रस्टचं ऑफिस म्हणतं, तुमच्याकडे पेशंटच येत नाहीत, जनरेटर कशाला? त्यांना आकडे दिसतात."

"त्याईले खोटं कोनं लिवून धाडलं?"

ती दौलतरावांकडेच पाहत होती.

"मी," पौर्णिमा म्हणाली.

रुपाबाई सावकाश वळली. सकाळपासून याच पोरीने तिच्या मानेवर ओला रुमाल ठेवला होता, दोनदा बदललाही होता.

"तुले तं मी दिसत होती नं?"

पौर्णिमाच्या ओठांवर उत्तर आलं होतं, की तिला तसंच भरायला सांगितलं होतं. ते तिने गिळलं. कपाटातून जुनं कागदी रजिस्टर काढलं आणि शस्त्रक्रियांच्या याद्यांची फाईल काखेत मारली.

"सिस्टर, ते रजिस्टर मागच्या वर्षीच बंद झालंय," दौलतराव म्हणाले.

"आजपासून चालू झालं, सर. डॉक्टरसाहेबाईची सही मी घेतो. माही तं राहीनच."

व्हरांड्यातल्या बाकावर ती लिहायला बसली. रुपाबाई जराशी तिरकी, एका बाजूवर भार देऊन शेजारी टेकली. मार्चची यादी निघाली. तारखेपुढे त्या दिवशीचं थेटरचं तापमान टिपलेलं होतं. पौर्णिमा नाव वाचायची.

"पुंजाजी, पित्ताची पिशवी."

"आला होता?"

"आला होता."

"लिव."

रुग्ण हजर. थेटर बंद. तापमान चाळीस. पौर्णिमाचं अक्षर आधी घाईचं होतं, मग हळूहळू सरळ झालं. वॉर्डातली दोन-तीन माणसं दारात येऊन उभी राहिली. एकाने आपलं नाव सांगितलं, म्हणाला, माहं बी पाहा. ते सापडलं. तेही तिने लिहिलं.

एप्रिलच्या यादीत ती थांबली.

"कोन हाय?"

"रुख्मिणी. केनवडची. हर्निया."

"आली होती?"

"दोनदा." पौर्णिमाने पेन खाली ठेवलं. "मंग घरीच आतडी अडकली तिची. अकोल्याले नेता नेता..."

रुपाबाईने पेन उचललं आणि तिच्या हातात परत दिलं.

"आली होती नं? मंग लिव. दोन्ही खेपा लिव."