खळीचा फेटा

दिनांक १७ मे १९९२, सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटे. परातीत फेटे सात, आणि त्यांतल्या तिसऱ्याची, आपल्या वाट्याच्या फेट्याची, खळ इतकी कडक की घडीची कड उन्हात पत्र्यासारखी दिसत होती. बद्रीनाथरावांनी ती नुसती पाहिली, आणि उजव्या कानाच्या पाळीवर ओरखडा उठला. पाहूनच... याला काय म्हणायचे?

भोकरदनच्या घरी, अंगणात, धाकट्या उषाचा साखरपुडा होता. फेटा बांधणार स्वतः व्याही, जाफराबादचे अण्णासाहेब. तो मानच तसा. थोरलीच्या लग्नात बद्रीनाथरावांनी फेटा मध्येच उतरवला होता, आणि त्या अपमानापायी तिच्या सासरच्यांनी तिला दोन दिवाळ्या माहेरी धाडले नव्हते.

"दोन घंटे कळ काढा," सगुणाबाई पदराआडून पुटपुटल्या. "साऱ्या गावाच्या डोक्याला चालतो, तुमच्याच डोक्याला काय कोंब फुटले?"

छत्तीस वर्षांच्या संसारात हेच. बनियन उलटे का घालता, पंगतीत ताटे आदळली की उठून का जाता — नखरे, साहेबी, डिप्लोमाची मस्ती! डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. जणू तक्रार जागे असण्याचीच होती. आमच्या कार्यशाळेतला मायक्रोमीटर पट्टीपेक्षा बारीक मोजतो, त्याला कोणी नखरेल म्हटले नाही — मग माझ्या कातडीने बारीक मोजले तर दोष माझा कसा?

अण्णासाहेबांनी पहिला वेढा आवळला. करकर... दातांखाली खडा यावा तशी, पण कानात. दुसरा, तिसरा — मोजले की सहन होते. पाचव्यानंतर मात्र आकडाच सापडेना, आणि समोर बसलेली उषा त्यांच्या चेहऱ्याकडे नव्हे, हातांकडे पाहत होती — ते कधी वर जातील, या धास्तीने.

"कसा शोभून राह्यला, व्याही!"

"अण्णासाहेब," आवाज आपलाच का, अशी शंका यावी इतका सरळ निघाला, "मान पोचला. पण हे कापड मला सहन होत नाही. बिलकुल नाही. लहानपणापासून. काढून ठेवतो."

"आमच्याच फेट्याला काटे हायेत व्हय?"

मागे कोणी हसले. अण्णासाहेब हसले नाहीत. रागावलेही नाहीत, किंवा अजून ठरवत होते. बद्रीनाथरावांना भीती वाटत होतीच; पण एरवी भीतीच्या पुढे येऊन बसणारी लाज आज आली नाही. ती कुठे गेली, हे त्यांना कळेना... आणि शोधावीशीही वाटेना.

फेटा डोक्यावर राहिला, एकूण चार मिनिटे; मग त्यांनी तो उतरवून परातीत ठेवला.