सतरा कॅन

सुनेने चिकटपट्टी सोडवून प्लास्टिकच्या कॅनचा वरचा अर्धा भाग उचलला आणि तशीच मागे सरली. आत मातीवर दोन बोटं पाणी साचलं होतं, त्यावर हिरवट तवंग धरला होता, आणि वास तर असा, की सकाळचा चहा घशाशी आला.

"शी!" ती म्हणाली. ऐकायला अंगणात कोणी नव्हतं.

भिंतीलगत असे सतरा कॅन ओळीने मांडले होते. मधोमध कापलेले, आत माती आणि फुलांचं बी, कापल्या जागी चिकटपट्टी, तोंडाची झाकणं काढलेली. भर हिवाळ्यात बी असं उघड्यावर पेरायचं; कडाका सोसून ते आपल्या वेळेला उगवतं. ही सासूबाईंची पद्धत. गेल्या उन्हाळ्यात त्या वारल्या. यंदा सासऱ्यांनी जन्मात पहिल्यांदा पेरलं होतं आणि गल्लीभर सांगत सुटले होते.

नुसत्या पाण्याची किळस असती तर तिने नाक दाबून भागवलं असतं. पण हे कॅन तिच्या ओळखीचे होते. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंच्या पाठीवरच्या जखमा धुवायचं औषधी पाणी त्यातून यायचं. नवरा नोकरीपायी दुसऱ्या गावी. दीड वर्ष ती एकटी ते पाणी ओतत होती, बोळे बदलत होती, चादरी धूत होती. आणि सासरे? नाकाला रुमाल लावून दारात यायचे, "बरं आहे ना?" एवढं विचारायचे आणि पेपर वाचायला निघून जायचे. खोलीत म्हणून त्या माणसाने पाऊल टाकलं नाही.

आता त्याच कॅनमध्ये फुलं! परवा शेजारच्या शिक्षिकाबाई मुद्दाम बघायला आल्या. डोळे पुसत म्हणाल्या, "केवढी माया हो तुमची त्यांच्यावर!" सासऱ्यांनी नम्रपणे मान खाली घातली. त्या खाली घातलेल्या मानेची तिला इतकी शिसारी आली, की हातातला ट्रे तिथेच आदळून ती आत निघून गेली होती.

तिने कॅन तिरपा करून खालून बघितलं. भोकं नव्हती. दुसऱ्याला नव्हती, तिसऱ्यालाही नव्हती. "आधी बुडाला भोकं, मग माती," सासूबाई पडल्या पडल्या बजावायच्या. गेल्या हिवाळ्यात त्यांनी सांगितलं आणि तिने पेरलं, खिडकीखाली, त्यांना दिसेल असं. सासऱ्यांनी आता कुणाला विचारलं असतं तर ना!

दोन दिवसांचा अवकाळी पाऊस उघड्या तोंडातून आत गेला आणि तिथेच राहिला. अजून आठवडाभर असंच राहिलं तर सगळं कुजणार. आणि बी एवढंच होतं. सासूबाईंनी स्वतः निवडून बांधलेल्या कागदाच्या पुड्या या गृहस्थांनी एकूण एक रिकाम्या केल्या होत्या.

कुजू दे, तिला वाटलं. मग मिरवा म्हणावं.

ती घरात आली. साबणाने दोनदा हात धुतले. मग खणातून मेणबत्ती आणि जुना स्क्रूड्रायव्हर घेऊन धुसफुसत पुन्हा अंगणात गेली. बियांनी काय पाप केलं होतं?

तापलेलं टोक प्लास्टिकमध्ये चर्रकन शिरलं आणि घाण पाणी तिच्या पायांवरून वाहिलं. एका हाताने कॅन तोलायचा आणि दुसऱ्याने टोचायचं, तिला तिसरा हात हवा होता.

"काय करतेयस?"

सासरे पायरीवर उभे होते. नाकाला रुमाल.

"भोकं पाडतेय. बी बुडालंय तुमचं."

"भोकं लागतात?"

"लागतात, बाबा."

"मला कुणी बोललं नाही."

"आई बोलायच्या. शंभरदा. आतल्या खोलीत."

आता हे पेपर वाचायला जाणार, तिच्या मनात आलं. तिने चौथा कॅन ओढला. पण चपलांचा आवाज जवळ आला.

"धरू का?"

"धरा."

कॅन जड होता, दोन हात लागणार होते. रुमाल खिशात गेला. तिने टोचलं, आणि पाणी त्यांच्या बोटांवरून मनगटावर, मनगटावरून बाहीत उतरलं. सासऱ्यांना उमासा आला. डोळ्यांत पाणी आलं. कॅन मात्र त्यांनी सोडला नाही.

"खोलीत असाच वास यायचा?"

"तुम्हांला माहीत नाही?"

"मी दारापर्यंतच यायचो."

तिला त्यांची दया आली नाही. तिने स्क्रूड्रायव्हर पुन्हा ज्योतीवर धरला.

"याहून वाईट," ती म्हणाली. "तुमची पावलं वाजली की आई तोंडावर हसू आणायच्या. मग थोड्या वेळाने विचारायच्या, 'गेले का?' मी म्हणायची, 'गेले.'"

सासऱ्यांनी पुढचा कॅन उचलला आणि तिच्यापुढे तिरपा धरला.