घेणाऱ्याला सांगायचं असतं

घर विकायला निघाली होती माझी मोठी बहीण सुमिए. वय चौऱ्याहत्तर, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. टेकडीवरची लिफ्टवाली जागा तिच्यासाठी शुक्रवारपर्यंतच राखून ठेवली होती. नदीकाठचं हे घर विकलं गेलं तरच ती मिळणार. आणि दलाल कोण, तर मी! सख्खा भाऊ.

आमच्याकडे जपानात सहीऐवजी शिक्का मारतात. ते शिक्के उमटण्याआधी घेणाऱ्याला पूरनकाशावर घर दाखवून, पाणी किती चढेल ते वाचून दाखवावं लागतं. कायदाच आहे तसा. आम्ही ते एका दमात वाचून टाकतो आणि घेणारेही भिडेपोटी "हो, हो" करत माना डोलावतात. आजवर मला एकानेही थांबवलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, म्हणूनच धंदा चालतो.

ताईला चालवत नाही म्हणून बैठक तिच्याच घरी होती. घर घेणारे निशिओका नवरा-बायको शिक्का काढूनच बसले होते.

"आई खालच्या खोलीत राहील," बायको म्हणाली. "तिला जिना जमत नाही."

"अगं, मग माझ्यासारखीच की!" ताई हसली.

 मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, वाचायला घेतलं आणि गाडी सुसाट सोडली.

"ए कुनिओ, दमानं वाच. मागे वाघ लागलाय का?" ताईनेच अडवलं. "पाच मीटर म्हणजे कुठवर रे?"

आता विचारल्यावर सांगणं भाग होतं. परवाना माझ्या नावावर आहे.

"वरच्या मजल्याच्या छतापर्यंत."

निशिओकांनी शिक्का डबीत ठेवला. "एकदा विचार करतो," म्हणाले, कमरेत वाकले आणि गेले. याचा अर्थ 'नको', हे आमच्याकडे पोरालाही कळतं.

मी भडकलो. "तुला कुणी विचारायला सांगितलं होतं? गप्प बसली असतीस तर सुटली असतीस ना!"

"आणि त्या पोरीची आई?" ती म्हणाली. मग थांबून, "तुला हे कधीपासून ठाऊक?"

"नकाशा निघाला तेव्हापासून. सहा वर्षं झाली."

"मला का नाही सांगितलंस?"

"घेणाऱ्याला सांगायचं असतं, ताई. राहणाऱ्याला सांगा असं कुठे लिहिलेलं नाही."

बोलून गेलो, आणि माझीच मला लाज वाटली.

"गेल्या वर्षी वादळात बांध फुटायला आला, तेव्हा मी तुला फोन केला होता. काय म्हणालास?"

"वर जा म्हणालो."

"गेले की. बसल्या बसल्या, एकेक पायरी सरकत. अर्धा तास लागला. वर पोचल्यावर म्हटलं, भाऊ आहे म्हणून वाचले."

मला तिच्याकडे बघवेना. "दुसरं गिऱ्हाईक आणतो," मी म्हणालो.

"त्यालाही वाचून दाखवशील ना? आता सावकाश?"

"हो."

"मग तो कशाला घेतोय!" तिने कप बाजूला सारला. "ते राहू दे. यंदा वादळ आलं आणि मी फोन केला, तर काय सांगणार आहेस मला?"